सर्व्हरची खंडेनवमी

"सर, डेटाबेस हातानं बंद करायचा असेल, तर आधी मॉनिटरिंग थांबवा. नाहीतर त्याला वाटेल, डेटाबेस मेला."

सगळी जोडणी करून देणारी धम्मप्रिया हे बजावून पुण्याला गेली, तेव्हा दूध संघाचे संगणकप्रमुख राजशेखर पूजेचे हार कुठून आणायचे, या विचारात होते.

सोलापूरच्या त्या संघात दोन सर्व्हर जोडीनं बसवले होते. थोरल्यावरचा, दुधाची मापं नि पावत्या सांभाळणारा डेटाबेस गप्प झाला, की मॉनिटरिंगनं, म्हणजे पाळत ठेवणाऱ्या प्रोग्रामनं, ओळखायचं आणि धाकट्यावर चालू करायचा. "आता दूध अडणार नाही," राजशेखरनी केंद्रचालकांच्या बैठकीत छाती काढून सांगितलं होतं. "माझ्यामुळं अडलं, तर त्या केंद्रावर येऊन किटल्या घासीन."

मैंदर्गी केंद्राच्या मथुराबाईंनी तेवढं विचारलं होतं, "काथ्या तुमी आणणार, का आमी द्यायचा?"

नेमधर्म माणसानं स्वतःच्या जिभेला लावायचा असतो. राजशेखरनी तो सर्व्हरला लावला. खंडेनवमीला दुपारी, संध्याकाळचं दूध यायच्या आत, यंत्रांना विसावा द्यायचा ठरला. हळदीकुंकू वाहून त्यांनी थोरल्यावरचा डेटाबेस बंद केला. नारळ हातात घेतात, तोवर तो धाकट्यावर चालू. तिथं बंद केला, तर पुन्हा थोरल्यावर जागा. द्वाड पोराला एका कुशीवर थोपटावं आणि त्यानं दुसऱ्या कुशीवर डोळे उघडावेत, तसं चाललं. शेवटी दोन्ही गप्प झाले. राजशेखरना वाटलं, आरती पावली.

पावलं काहीच नव्हतं. डेटाबेस इतक्यांदा 'मेलेला' पाहून मॉनिटरिंगनं दोन्ही सर्व्हर आजारी ठरवले होते आणि हात टेकले होते. आता चालू कर म्हटलं, तरी ते ऐकेना.

संध्याकाळी मथुराबाईंचा फोन आला.

"सायेब, पूजा झाली न्हवं?"

"झाली की."

"मग मशीन परसाद खायला बसलंय का? पावती निघंना. बाया दूध घिऊन हुब्या हायत्या."

"थोडं थांबवा त्यांना."

"बाया थांबत्याल. दुधाला कुटली खंडेनवमी?"

राजशेखरनी घाम पुसत धम्मप्रियाला गाठलं.

"सर, आधी मॉनिटरिंग थांबवलं होतं ना?"

"फुलं वाहिली होती."

 मग तिनं मॉनिटरिंगकडची आधीच्या अपयशांची नोंद पुसायला लावली आणि डेटाबेस उठला. तोवर मैंदर्गीचं दूध नासलं होतं.

दसऱ्याला सकाळी बायको शुभदा दारात रांगोळी काढत होती. राजशेखर मोरीपाशी गेले, काथ्या उचलला आणि आपट्याच्या पानांखाली पिशवीत दडवला.

"सोनं द्यायला निघालात?" शुभदानं विचारलं.

"हं," म्हणून ते हळूच मैंदर्गीची एसटी धरायला निघाले.