गारठलेला पाइप

मुलीच्या लग्नाची नोंदणी अकराला होती, नोंदणी अधिकारी साडेअकराला महिनाभराच्या रजेवर निघणार होते, आणि घड्याळजींनी मुलीला आपल्या जुन्या मोटारीतूनच न्यायचा हट्ट धरला होता. मोटार त्यांच्या वडिलांची. उन्हाळ्यात ती निमूट चाले. थंडीत मात्र जरा पुढे गेली की खोकून बंद पडे.

"तिचा दोष नाही," बॉनेट उघडून घड्याळजी बायकोला समजावत होते. "पेट्रोल या पाइपातून इंजिनात जातं. पाइप गार असला की पेट्रोलची वाफ न होता थेंब होतात. पाइप शेकला की झालं."

"टॅक्सीला कुणी शेकत नाही," बायको म्हणाली.

घड्याळजींनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. बायकोची पाठ शेकायची रबरी पिशवी उकळत्या पाण्याने भरून त्यांनी पाइपावर बांधली. गाडी लगेच सुरू झाली. दुसऱ्या चौकात पिशवी गार पडली, आणि गाडीही.

समोर सलून होतं. सलूनवाल्याने गिऱ्हाइकाच्या तोंडावरचा गरम टॉवेल उचलून पाइपाला गुंडाळला. टॉवेल परत हवा म्हणून सलूनवाला गाडीत बसला. दाढी अर्धी राहिली म्हणून गिऱ्हाईकही बसलं. पोस्टापाशी टॉवेल निवला. तिथल्या इस्त्रीवाल्याने पेटती इस्त्रीच पाइपावर टेकवली. मग इस्त्री सोडवेना म्हणून कोळशाच्या डब्यासकट तोही आला. एवढ्या वजनाने गाडी पुलाच्या चढावर थबकली ती थबकलीच.

"बाबा, अकरा वाजून गेले," मागून मुलगी म्हणाली. "मी चालत जाते."

तेवढ्यात नवरामुलगाच शोधत सायकलवरून आला. तो ग्रंथपाल होता. स्क्रू कोणत्या बाजूला पिळायचा हेही त्याला विचारावं लागे, त्यामुळे घड्याळजींचं त्याच्याबद्दल फारसं बरं मत नव्हतं. त्याने बॉनेटखाली हात घातला आणि चटकन मागे ओढला.

"हा धुराचा पाइप केवढा तापलाय!" बोटं झटकत तो म्हणाला. "याचीच ऊब शेजारच्याला देता येत नाही का?"

घड्याळजींनी एकदा या पाइपाकडे पाहिलं, एकदा त्या. चाळीस हिवाळे ते घरून ऊब वाहून आणत होते.

इस्त्रीवाल्याने कोळशाचा पत्र्याचा डबा कापला. घड्याळजींनी तो पत्रा दोन्ही पाइपांभोवती वळवून तारेने आवळला. गाडी सुरू झाली आणि पूल चढून, न खोकता, थेट कचेरीच्या दारात आली.

"उतरा, उतरा!" घड्याळजी ओरडले. "उभी राहिली की पाइप निवून बंद पडेल. मी फेऱ्या मारतो."

"अहो, लग्न आहे आतमध्ये!" बायको म्हणाली, पण गाडी कोपऱ्यावर वळलीही होती.

आत सगळ्यांच्या सह्या झाल्या. साक्षीदार म्हणून घड्याळजींची तेवढी राहिली. अधिकारी हातात बॅग घेऊन उभे. शेवटी नवरामुलगा नोंदवही घेऊन रस्त्यावर धावला, मागून वहीचं दुसरं टोक धरून कारकून.

पहिल्या फेरीत घड्याळजींनी चालत्या गाडीतून स्वतःचं नाव लिहिलं, दुसरीत वडिलांचं, तिसरीत आडनाव. साडेअकराला एक मिनिट कमी होतं. कारकुनाने हुश्श करून वही मिटली.

चौथ्या फेरीला खिडकीतून पुन्हा हात बाहेर आला.

"जावईबापू, वही आणा! अनुस्वार राहिलाय!"