मनोरंजनासाठी सात दाबा

शहर जेवढं मोठं, तेवढ्या त्यात फुकट करण्यासारख्या गोष्टी जास्त आणि त्या करायला सवड असलेली माणसं कमी, हे आता सर्वमान्य झालं आहे. ही तफावत भरून काढण्याची जबाबदारी समाजाने एकमताने निवृत्त माणसांवर सोपवलेली आहे. (याबाबत निवृत्त माणसांना विचारण्यात आलं नव्हतं. पण त्यांना एरवीही फारसं काही विचारण्यात येत नसल्याने प्रथेत खंड पडला नाही.)

आपले निरीक्षक अशांपैकीच एक. वजनमापे खात्यात छत्तीस वर्षं दुकानदारांचे तराजू तपासून ते निवृत्त झाले, दोन वर्षांपूर्वी बायको गेली, आणि मुलाने मोठ्या आग्रहाने त्यांना शहरात आपल्या घरी आणलं. घर दोन खोल्यांचं. आतली खोली मुलाची आणि सुनेची. बाहेरच्या खोलीची वाटणी मात्र शास्त्रशुद्ध होती: संध्याकाळी सहा ते सकाळी दहा ती निरीक्षकांची, आणि सकाळी दहा ते संध्याकाळी सहा सूनबाईचं ऑफिस. ती कानाला यंत्र लावून घरूनच काम करी.

पहिल्या दिवशी निरीक्षकांना शिंक आली. दुसऱ्या दिवशी ते बनियनवर वर्तमानपत्र शोधत सूनबाईच्या पाठीमागून गेले आणि त्यांचं हे शोधकार्य चार शहरांतल्या अकरा जणांनी पडद्यावर पाहिलं. तिसऱ्या दिवशी ते आतल्या खोलीत दार लावून, खोकला दाबून बसले. पण न्हाणीघराचा रस्ता बाहेरच्या खोलीतून होता. कोणी काही म्हणालं नाही, हे इथे मुद्दाम नोंदवायला हवं. ज्या घरात कोणी काही म्हणत नाही तिथे निर्णय फार लवकर होतात. चौथ्या दिवशी मुलाने त्यांच्या हातात नगरपालिकेच्या नागरिक आनंद कक्षाने काढलेली एक पुस्तिका ठेवली. नाव होतं 'आपल्या शहरातील एकशे एक विनामूल्य व अल्पखर्चिक आनंद'. आत बसचा पास होता. बाबांना किती मोकळं वाटेल, असं मुलगा म्हणाला, आणि ते त्याने मनापासून म्हटलं होतं.

निरीक्षक दुसऱ्या दिवसापासून पावणेदहाला घराबाहेर पडू लागले. पिशवीत पुस्तिका, पाण्याची बाटली, जेवणाचा डबा, एक वही आणि जुनी सवय म्हणून मोजपट्टी. आनंद घ्यायचा म्हणजे नेमकं काय करायचं याचा त्यांना अनुभव नव्हता, पण तपासणीचा दांडगा होता. त्यामुळे त्यांनी आनंद तपासायला घेतले. वहीतल्या काही नोंदी अशा:

आनंद क्र. ४, तलावाकाठचा फेरफटका. पुस्तिकेनुसार लांबी दोन किलोमीटर. प्रत्यक्षात सोळाशे दहा मीटर. उरलेले तीनशे नव्वद मीटर कुंपणापलीकडे असून तिथला आनंद घेण्यास मनाई आहे.

आनंद क्र. ११, वस्तुसंग्रहालय, मंगळवारी मोफत. मंगळवारी बंद.

आनंद क्र. १९, सार्वजनिक उद्यान. बाकं बारा. पाठ शाबूत असलेली पाच. 'रंग ओला आहे' अशी पाटी असलेली चार. (रंग कधीच वाळलेला आहे. लोक तरीही उभेच.)

आनंद क्र. २७, बाजारातून नुसतंच हिंडणं. दुकानदार तीनदा 'काय दाखवू' म्हणतो. चौथ्यांदा काही म्हणत नाही, नुसता बघतो. एक सुरी घ्यावी लागली. घरात आता चार सुऱ्या.

सहा आठवड्यांत त्यांनी अडतीस आनंद पालथे घातले. त्यांपैकी नऊ बंद होते, सहा सापडले नाहीत आणि दोन पाडून तिथे वाहनतळ झाले होते. एका ऐतिहासिक वास्तूच्या जागी कुणाचं तरी राहतं घर निघालं. तिथल्या बाईंनी त्यांना आत बोलावून पाणी दिलं आणि दमलात का असं विचारलं. हा शेरा वहीत 'समाधानकारक' असा आहे. असा शेरा दुसऱ्या कशालाच नाही.

संध्याकाळी सहाला ते घरी येत. सूनबाई दार उघडे, कसा गेला दिवस विचारी, ते छान म्हणत. मग जेवणं होत. दिवसभर बोलून तिचा घसा बसलेला असे, मुलगा मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेला असे आणि निरीक्षक दोघांनाही त्रास नको म्हणून गप्प असत. असं तिघांच्या परस्परांवरच्या मायेने ते घर अगदी शांत झालेलं होतं. सूनबाई नक्की काय काम करते हे त्यांना ठाऊक नव्हतं. एकदा त्यांनी मुलाला विचारलं होतं, तेव्हा त्याने तीन इंग्रजी अक्षरं सांगितली. ती बहुधा बढतीची असावीत असं समजून त्यांनी आनंद व्यक्त केला होता.

पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर तक्रारींसाठी एक विनाशुल्क क्रमांक होता. एका सोमवारी सकाळी अकराच्या सुमाराला, उद्यानातल्या पाठ असलेल्या बाकावर बसून निरीक्षकांनी तो लावला. पाण्यासाठी एक दाबा, गटारांसाठी दोन, असं करत करत यंत्र शेवटी 'मनोरंजनासाठी सात दाबा' इथवर आलं. (कक्ष सुरू झाल्यापासून तीन वर्षांत सात कोणीही दाबलेलं नव्हतं. लोकांचा धीर दोनपर्यंतच टिकतो.)

पलीकडून एक बाई अदबीने म्हणाल्या, "नमस्कार सर. नागरिक आनंद कक्षात आपलं स्वागत आहे. मी आपली काय मदत करू शकते?"

निरीक्षक क्षणभर गडबडले. असं त्यांना बऱ्याच दिवसांत कोणी विचारलेलं नव्हतं. मग त्यांनी तलावाचे तीनशे नव्वद मीटर सविस्तर मांडले आणि सदर बाब नमूद करून घ्यावी असं सांगितलं. बाईंनी कुंपण कोणत्या बाजूला आहे ते विचारलं, टिपून घेतलं, आणि एवढं चालून पाय दुखले असतील, असंही म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी वस्तुसंग्रहालयाचा विषय घेतला. तिसऱ्या दिवशी बाकांचा.

बाकांचा हिशेब चालू असतानाच बाईंच्या मागे कुठेतरी घड्याळाचे ठोके पडू लागले. निरीक्षकांनी सवयीने मोजले. बारा. मनगटावर पाहिलं तर अकरा. अकराला बारा ठोके देणारं घड्याळ त्यांच्या माहितीत जगात एकच होतं. ते त्यांच्या बायकोचं. गावाहून येताना त्यांनी ते मांडीवर धरून आणलं होतं. उभ्या जिल्ह्याचे तराजू सरळ करणाऱ्या माणसाला तिने त्या घड्याळाला तीस वर्षं हात लावू दिला नव्हता. आता ते बाहेरच्या खोलीत, सूनबाईच्या टेबलाच्या वर भिंतीवर टांगलेलं होतं.

पुरावा हाती लागला की चेहऱ्यावर दाखवायचं नाही, हा खात्याचा पहिला धडा. निरीक्षक एवढंच म्हणाले की बाकांबद्दल आणखी थोडं आहे. ते थोडं सतरा मिनिटं चाललं.

सूनबाईने तर त्यांना पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. तलावाबद्दल बोलताना 'सदर बाब' म्हणणारा माणूस शहरात दुसरा कोण असणार? पण नगरपालिकेने हे फोन घ्यायचं काम ज्या कंपनीला दिलं होतं, त्या तिच्या कंपनीचा नियम असा होता की सगळे फोन ध्वनिमुद्रित होतात, आणि नातेवाइकाचा फोन आला तर तो तत्काळ दुसऱ्या कर्मचाऱ्याकडे द्यायचा. सात नंबरला दुसरा कर्मचारी नव्हता; दिवसभर पाण्याचा एक नंबर सांभाळून तीच तोही बघे. निरीक्षकही उघड बोलले नाहीत. उघड बोलावं तर घरी बोलता येईलच की, असं उत्तर येण्याचा धोका होता, आणि घरी काय होत होतं ते दोघांनाही माहीत होतं.

तेव्हा आठवड्यातून पाच दिवस, अकराच्या ठोक्याला, सरकारी शिस्तीत सासरे-सुनेच्या गप्पा सुरू झाल्या. निरीक्षक झोपाळ्याच्या कुरकुरीची तक्रार करत. ती नोंदवून घेई आणि म्हणे, सर्वेक्षणासाठी एक प्रश्न आहे सर, आपण रक्तदाबाची गोळी घेतलीत का? अर्जात असा रकाना नव्हता; ती 'इतर'मध्ये टाके. मग निरीक्षक एक सूचना करत की कक्षातल्या कर्मचाऱ्यांनी दिवसभर बोलताना गार पाणी न पिता कोमट प्यावं. दुसऱ्या दिवशी ती कळवी की सूचना अमलात आणली आहे. एकदा बोलता बोलता ते आपल्या बायकोबद्दल बोलू लागले, ती कशी हसायची, चिडली की कशी भांडी आवाज करून ठेवायची. चौदा मिनिटं झाली. तक्रारीचा प्रकार लिहिल्याशिवाय फोन बंद होत नसे. तिने 'वारसास्थळे' निवडलं.

संध्याकाळी सहाला ते घरी येत. ती दार उघडे, कसा गेला दिवस विचारी, ते छान म्हणत. आता ते खरं होतं, एवढाच फरक.

महिनाअखेर कंपनीने अहवाल काढला. सात नंबरवर एकूण बावीस फोन, सर्व एकाच नागरिकाचे, समाधान शंभर टक्के. याबद्दल सूनबाईचं अभिनंदन करण्यात आलं आणि प्रत्येक फोनला सरासरी सोळा मिनिटं लावल्याबद्दल ताकीद देण्यात आली. यापुढे एक फोन चार मिनिटांच्या आत संपवायचा. तिने हा नियम दुसऱ्या दिवशी सरांना वाचून दाखवला आणि किती फोन करावेत यावर मात्र मर्यादा नाही, असं त्याच सुरात जोडलं. निरीक्षक दिवसाला चार फोन करू लागले. कक्षाच्या कामात चौपट वाढ झाल्याचं पाहून कंपनीने तिला प्रशस्तिपत्र दिलं.

इथवर सगळं सुरळीत होतं. पण तक्रारींचा आकडा वाढल्यामुळे नगरपालिकेत खळबळ उडाली, आणि कोणालाही अपेक्षा नसताना नगरपालिकेने कामं करायला सुरुवात केली. बाकांना पाठी बसल्या. वस्तुसंग्रहालय मंगळवारी उघडलं. तलावाचं कुंपण मागे सरकलं. निरीक्षकांनी मोजून पाहिलं, दोन किलोमीटर भरलं. झोपाळ्याला तेल मिळालं. जसजसं शहर सुधारत गेलं तसतसा निरीक्षकांचा चेहरा उतरत गेला. त्यांनी आपल्या परीने प्रयत्न केले. कारंज्याचं पाणी एका बाजूला दहा सेंटिमीटर कमी उडतं, असं कळवलं. चार दिवसांत ते सारखं उडू लागलं. शेवटी नगरपालिकेने जाहीर केलं की शहरातले सर्व आनंद दुरुस्त झाले असून सात नंबर महिनाअखेर बंद होईल. सूनबाईची नेमणूक दोन नंबरवर झाली. गटारं.

शेवटच्या दिवशी निरीक्षक नव्या बाकावर बसले. अकराला त्यांनी फोन लावला. सांगण्यासारखं काही नव्हतं. तिनेही ठरलेली वाक्यं ठरल्याप्रमाणे म्हटली, सहकार्याबद्दल आभार मानले, आणि अखेरच्या वाक्यापाशी आली.

"मी आपली आणखी काही मदत करू शकते का, सर?"

निरीक्षकांनी वही उघडली, मिटली.

"आज मी जरा लवकर घरी आलो तर चालेल का?"

ध्वनिमुद्रणात यानंतर नऊ सेकंद शांतता आहे.

"चालेल, बाबा," ती म्हणाली. "या."

(गुणवत्ता विभागाने या फोनचे दोन गुण कापले. एक शांततेबद्दल, दुसरा अनधिकृत संबोधनाबद्दल.)

ते बाराच्या आत घरी पोचले. तिने टेबलाशेजारची खुर्ची रिकामी करून, तिच्यावरच्या फायली जमिनीवर ठेवून, पडद्यावर दिसणार नाही अशा बेताने सरकवून ठेवली होती. निरीक्षकांनी बसण्यापूर्वी अंतर पट्टीने मोजलं. चार बोटं जागा शिल्लक होती. सात नंबर मुका झाला होता, आता दोघांना हवं ते उघडपणे बोलता येणार होतं, आणि नेमकं त्यामुळे दोघांनाही काही सुचेना. बऱ्याच वेळाने तिने विचारलं, चहा टाकू का? ते म्हणाले, मी टाकतो. तो फार कडक झाला. याबाबत कुठेही तक्रार नोंदवण्यात आली नाही.

आता ते रोज तिथेच बसतात. शिंक आलीच तर उपरणं तोंडात धरतात. गटाराबद्दल कोणी चिडून बोलू लागला की वहीवर ठळक अक्षरांत लिहून दाखवतात, 'शाळेमागची गल्ली का, ते विचार'. शहर पायाखालून गेलेलं असल्याने त्यांचा अंदाज सहसा चुकत नाही. दोघांचं बोलणं फोनच्या दिवसांपेक्षा कमी झालं आहे, हे मान्य करायला हवं. ती सतत कामात असते. मधूनच ती यंत्राचा आवाज बंद करून एखाद्या तक्रारदाराची नक्कल करते आणि दोघं आवाज न करता हसतात. मुलगा मित्रांना सांगतो की बाबा छान रुळले, सगळं श्रेय त्या पुस्तिकेला.

राहता राहिला प्रश्न वाचकांचा. ही हकिगत वाचायला साधारण दहा मिनिटं लागतात. खर्च शून्य, त्यामुळे अल्पखर्चिक आनंदांत तिची गणना करायला हरकत नसावी. मात्र या दहा मिनिटांत तुमच्या घरातलं कोणीतरी दारापर्यंत येऊन, तुम्ही वाचनात गढलेले पाहून, काही न बोलता परत गेलेलं असण्याची शक्यता बरीच आहे. तुम्ही मान वर केली नाहीत. हरकत नाही. त्यांनी छान असं म्हणायची तयारी करून ठेवलेली आहे.