हाका मारणाऱ्या निकुंभ अक्का

रिकाम्या घरात शिरण्याआधी निकुंभ अक्का दाराची कडी वाजवतात. बाहेर कुलूप, किल्ली त्यांच्याच हातात, आत चिटपाखरू नाही हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. तरी कडी वाजवायची, "आहे का कोणी घरात?" असं विचारायचं आणि थांबायचं. थांबायचं म्हणजे खरोखर थांबायचं, मान तिरकी करून, कान दाराला लावून. मग "बरं, येते हं," म्हणायचं आणि कुलूप काढायचं. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मी हसलो. दुसऱ्यांदा हसलो नाही. हे "बरं" त्यांनी नेमकं कुणाला म्हटलं, असा विचार मनात आला, आणि तो काही केल्या जाईना.

आमची नगरपालिका जळगाव आणि धुळ्याच्या मध्ये कुठेतरी आहे. गावाचं नाव विचारू नका, माझी बदली व्हायची आहे. तिथल्या घरकुल विभागात मी इंजिनिअर. म्हणजे नकाशावर सही करणारा, गळक्या नळाबद्दल शिव्या खाणारा माणूस. आणि अक्का म्हणजे वस्त्यांमधून फिरून कुणाला घराची गरज आहे ते पाहणाऱ्या, लोकांचे कागद जमवून देणाऱ्या, घर मिळाल्यावरही नवराबायकोची भांडणं सोडवायला जाणाऱ्या बाई. त्यांच्या हुद्द्याला सरकारी नाव आहे, पण ते त्यांनाही आठवत नाही. सुती साडी, पायात लेकरांचे असतात तसले पांढरे बूट, खांद्याला पिशवी आणि पिशवीत कळण्याची भाकरी. उन्हाळ्यात आमच्याकडे डांबर वितळतं, कुत्रीसुद्धा गटारात बसून राहतात. अशा वेळी रस्त्यावर एकटं कोणी दिसलं तर ते भूत किंवा निकुंभ अक्का, असं आमचा शिपाई म्हणायचा.

"घर कधी रिकामं राहत नसतं, इंजिनिअर भाऊ," हे अक्कांचं पालुपद. "माणूस राहायला गेला नाही तर दुसरं कोणीतरी जातं." एवढं बोलून खुशाल शेंगदाणे खात बसायच्या. समोरचा दचकला तरी त्यांना त्याचं काही नाही.

नवीन घराची तपासणी करण्याची त्यांची रीतही अशीच. मी भिंतीला ओळंबा लावायचो, अक्का खोलीच्या मधोमध उभ्या राहून जोरात हाक मारायच्या, "ओ गंगूबाई!" आवाज कसा फिरून येतो ते ऐकायच्या आणि निकाल द्यायच्या. "हे घर चांगलं आहे, ओ देतं." किंवा, "हे घर मुकं आहे भाऊ, इथे लोक भांडतील." ठेकेदार कपाळाला हात लावायचा. मी त्याला सांगायचो, लिहून घे बाबा, ओ देत नाही, प्लॅस्टर पुन्हा कर. गंमत म्हणून सांगायचो, पण एकदोन ठिकाणी त्याने खरंच केलं.

नाल्याकाठच्या झोपड्यांमधल्या लोकांसाठी आम्ही जिनिंग मिलच्या मागे घरकुलं बांधली. सोडत निघाली, घरं भरली, गॅलरीत कपडे वाळायला लागले. फक्त खालच्या मजल्यावरचं, अगदी कोपऱ्यावरचं घर भरेना. पहिल्यांदा ते एका शिंप्याला लागलं. तो बायकोला घेऊन दुपारी घर बघायला गेला आणि संध्याकाळी किल्ली माझ्या टेबलावर आणून ठेवली. दुसऱ्यांदा एका रिक्षावाल्याला लागलं. तो तर धावतच आला.

"साहेब, आत हजेरी चालू आहे," तो म्हणाला.

"कसली हजेरी?"

"एक बाई नावं पुकारते. एक नाव घेते, थांबते. कोणी ओ देत नाही. मग दुसरं घेते."

"दाराला कुलूप होतं का?"

"कुलूप कोण बघतंय साहेब!"

मुख्याधिकारी हे ऐकून म्हणाले, "भुताचं उत्पन्न किती ते विचारा. मर्यादेत बसत असेल तर देऊन टाकू." सगळे हसले. मीही हसलो. मी भुताखेतांवर विश्वास ठेवत नाही. उगाच त्यांच्याशी वादही घालत नाही. अक्का तेवढ्यात फेरीवरून आल्या, त्यांनी फक्त किल्ली परत आल्याचं ऐकलं; त्या मात्र हसल्या नाहीत. "बघा, म्हटलं नव्हतं? रिकामं राहिलं," एवढंच म्हणाल्या आणि पिशवी उचलून निघाल्या.

आता ते घर केसरबाईच्या वाट्याला आलं. केसरबाई म्हणजे नाल्याकाठी राहणारी एकटी म्हातारी, ज्वारीचे बिबडे, म्हणजे पापड, लाटून बाजारात विकायची. तिचा नवरा झिपरू उखा मोरे. घरासाठी अर्ज त्याने केला होता, पण सोडत निघायच्या आधीच तो वारला. मग अक्कांनी कचेऱ्यांचे उंबरे झिजवून वारस म्हणून केसरबाईचं नाव लावलं. शिल्लक होतं एकच घर, कोपऱ्यावरचं. पावसाळ्याआधी नाला रुंद करायचा होता, झोपड्या उठणार होत्या. जेसीबी येऊन उभाच होता. केसरबाईने किल्ली घेतली नाही तर घर पुढच्या माणसाला जाणार आणि ती नाल्यावरून थेट रस्त्यावर येणार.

आणि केसरबाई किल्ली घेईना.

घर बाहेरूनच बघून ती तडक ऑफिसात आली. पदराने तोंड झाकलेलं. "नको माले ते घर," ती म्हणाली. "तठे कोनी तरी मन्हा मालकनं नाव लेस."

माझ्या हातातला चहा हातातच राहिला. शिंप्याला, रिक्षावाल्याला कुणाची तरी नावं ऐकू आली, ते ठीक. पण हिला बंद दारामागून आपल्या मेलेल्या नवऱ्याचं नाव ऐकू आलं होतं. मी अक्कांना शोधायला गेलो, तर अक्का नेहमीप्रमाणे दुपारच्या फेरीला गेलेल्या. मुख्याधिकारी म्हणाले, "इंजिनिअर साहेब, तुम्ही जाऊन या. बांधकामाचा काही दोष असेल." भुताचा आवाज हा बांधकामाचा दोष! पण नोकरी आहे, गेलो.

टळटळीत दुपार होती. वाऱ्याच्या झळा लागत होत्या. वसाहतीतली सगळी दारं-खिडक्या उन्हामुळे बंद, एक पोर बाहेर नाही. मिलच्या आवारातला कापसाचा भुगा उडून पायऱ्यांवर साचला होता आणि त्यावर पावलं उमटली होती. ती सरळ कोपऱ्यावरच्या घरात गेली होती. परतीची नव्हती. माझी पाचावर धारण बसली. मी खिडकीपाशी जाऊन उभा राहिलो, म्हणजे पाय तिथून हलेनात म्हणून उभा राहिलो.

आतून आवाज आला, रिकाम्या खोलीत घुमल्यामुळे कुणाचा ते ओळखू येईना. सावकाश, स्वच्छ, एकेक नाव.

"वेडू धना पाटील."

शांतता.

"जनाबाई सुकदेव कोळी."

शांतता. प्रत्येक नावानंतर एखादा माणूस उठून उभा राहील एवढा वेळ जात होता. ही नावं मी कुठेतरी ऐकली होती. मग आठवलं आणि घाम फुटला. सोडतीच्या दिवशी हॉलमध्ये जी नावं पुकारल्यावर कोणी उठलं नव्हतं, ती ही नावं होती. अर्ज करून वाट बघता बघता मेलेली, नाहीतर सुरतेला निघून गेलेली माणसं.

"झिपरू उखा मोरे," आतला आवाज म्हणाला. थांबला. "झिपरू, घर झालं बरं का तुझं." पुन्हा थांबला. मग एक सुस्कारा. "बरं. उद्या येते."

दार उघडलं. पांढरे बूट आधी दिसले, मग पिशवी.

"अय्या, इंजिनिअर भाऊ! उन्हात काय उभे तुम्ही? चेहरा का पांढरा पडला?"

मला हसावं की ओरडावं कळेना. मी ओरडलो. "अक्का, अहो ते भूत तुम्हीच! तुमच्या हाका ऐकून दोन कुटुंबं पळाली! केसरबाई घर नको म्हणतेय!"

अक्का उंबऱ्यावरच बसल्या. घर रिकामं राहिलं म्हणून अक्का तिथे जायच्या, आणि अक्का जायच्या म्हणून घर रिकामं राहायचं. हे त्यांच्या डोक्यात शिरताना मी पाहिलं, आणि माझा सगळा राग तिथल्या तिथे विरला.

"सोडतीला नावं मीच पुकारली ना," त्या म्हणाल्या. "तीनदा पुकारायचं, कोणी उठलं नाही की पुढे जायचं, असा नियम. माझ्याच तोंडाने गेली हो ती घरं. ह्या लोकांच्या झोपडीत बसून मी चहा प्यालेय. झिपरू म्हणाला होता, अक्का, तुम्ही हाक मारा, मी ओ देतो. मग वाटलं, नुसतं कळवावं तरी. घर झालं म्हणून."

"आणि दिली कुणी ओ?" मी उगाच विचारलं.

अक्कांनी मागे वळून आतल्या खोलीकडे पाहिलं. "एकदा वाटलं होतं," त्या म्हणाल्या. "जाऊ द्या ते." मी ते लगेच जाऊ दिलं.

तशाच न जेवता त्या नाल्याकडे निघाल्या. मी मागोमाग. झोपडीपुढे केसरबाई बिबडे वाळत घालत होती. अक्कांनी आडपडदा न ठेवता सांगितलं, तुझ्या मालकाचं नाव घेणारी मीच, भूत नाही, काही नाही, चूक झाली माझी, घर सोडू नकोस. आसपासच्या बाया जमा झाल्या. केसरबाईच्या डोळ्यांत असा अंगार पेटला, की मला वाटलं आता ही लाटणं फेकून मारते.

पण ती जवळ आली आणि हळूच म्हणाली, "ओ दिधी का त्यानी?"

"नाही गं," अक्का म्हणाल्या.

"कशी दी? तो बहिरा व्हता!"

अक्का आ वासून बघत राहिल्या. झिपरू आपलं तेवढं बोलायचा आणि त्यांच्या प्रत्येक बोलण्याला नुसती मान डोलवायचा, आणि ह्यांना वाटत होतं माणूस किती समजूतदार! बाया फिदीफिदी हसायला लागल्या. केसरबाईसुद्धा हसली आणि हसता हसता रडायला लागली. मग डोळे पुसून तिने बिबडे तसेच टाकले, किल्ली मागितली आणि आमच्या पुढे चालायला लागली.

कोपऱ्यावरच्या घराचं दार तिने उघडलं, पण आत गेली नाही. नवऱ्याचं नाव बायको घेत नाही, तिनेही जन्मात घेतलं नव्हतं. आज उंबऱ्याबाहेर उभी राहून, छातीत भरेल तेवढा श्वास घेऊन तिने आरोळी ठोकली.

"झिपरूऽऽ! घर व्हयनं! मझार या!"

सगळ्या वसाहतीच्या खिडक्या उघडल्या. आत या, अशी ती हाक रिकाम्या खोल्यांतून फिरली. वारा पडलेला होता, झाडाचं पान हलत नव्हतं. आतल्या खोलीचं दार मात्र सावकाश करकरत लोटलं गेलं, कोणीतरी वाट करून आत जावं तसं. माझ्या अंगावर सरसरून काटा आला. केसरबाईला काही वाटलं नाही.

"उना," ती म्हणाली. आला. आणि पदर सावरून आत गेली.

अक्का बाहेरच उभ्या होत्या. आता त्यांना ह्या घरात यायचं काही कारण उरलं नव्हतं. बसस्टँडच्या मागे एका खोलीत त्या एकट्या राहतात, हे आम्हाला माहीत होतं. नवरा लग्नानंतर थोड्याच वर्षांत गेला, आईवडील त्याच्याही आधी. सुट्टीच्या दिवशी त्या काय करतात हे आम्ही कधी विचारलं नव्हतं. गावातली निम्मी नावं त्यांना तोंडपाठ, आणि आम्ही सगळे त्यांना अक्का म्हणून मोकळे.

केसरबाईने आतून डोकं बाहेर काढलं. "तुन्हं नाव काय शे गं बाई?"

अक्का गोंधळल्या. सांगावं की नाही, अशा थोड्या लाजल्याही. "सिंधू."

डोकं आत गेलं. नळ सोडल्याचा आवाज झाला, मग आतून म्हातारीची खणखणीत हाक आली.

"सिंधू! पाय धुय अन् मझार ये!"

अक्कांचा चेहरा मी तेव्हा पाहिला. एवढ्या वर्षांत तसा कधी पाहिला नव्हता. त्यांनी ओठ घट्ट मिटले, डोळे भरून आले आणि तोंडातून आवाजच फुटेना. मला भीती वाटली की म्हातारीला वाटेल, बाहेर कोणी नाहीच.

"अक्का, ओ द्या ना," मी म्हणालो.

"ओ," अक्का म्हणाल्या. "आले गं." आणि पांढरे बूट उंबऱ्यापाशी काढून ठेवून त्या आत गेल्या.