अक्कलदाढ

साल एकोणीसशे त्र्याऐंशी. गल्लीत पहिला रंगीत टीव्ही आला तो त्याच साली. पण ज्या रविवारी तो आला, त्या दिवशी तो बघायला कुणी फिरकलं नाही. सगळी गल्ली दातांच्या डॉक्टरांच्या अंगणात जमली होती.

अंगणात डॉक्टरांच्या वडिलांची, अप्पांची, मोटरबोट होती, फायबरग्लासची. अप्पा तळ्यावरच्या प्रवासी लाँचचे चालक. बाकीचे लोक लाकडी होड्या वल्हवत होते, त्या काळात त्यांनी हौसेनं ही नाव घेतली होती. पुढे अप्पा निवृत्त झाले, नाव घरामागे पालथी पडली आणि तिच्याखाली कोंबड्या अंडी घालू लागल्या. इंजिन मात्र अप्पांनी तेल लावून, गोणपाटात गुंडाळून आपल्या खाटेखाली जपलं होतं.

"अप्पा, नाव मी नीट करतो," एके दिवशी जेवताना डॉक्टर म्हणाले.

"तू?" अप्पांचा घास हातातच राहिला. "अरे, आयुष्यभर लोकांच्या तोंडात बोटं घातलीस. बघणाऱ्यानं आपल्याच तोंडात बोट घालावं, असं एक तरी काम केलंयस का?"

ते डॉक्टरांच्या जिव्हारी लागलं. दुसऱ्या दिवसापासून दवाखाना संपला की ते नावेला भिडत. दवाखाना घराच्या पुढच्याच खोलीत, त्यामुळे एप्रन काढायचीही फुरसत नसे. भेगा भरायच्या रेझिनमध्ये ते घट्ट करणारं हार्डनर जरा जास्त पडलं की डबा हातातल्या हातात तापून दगड होई, कमी पडलं की आठवडाभर चिकचिक. काचेच्या कापडाची कूस अंगाला लागून ते रात्रभर खाजवत बसत. पण काम करावं तर त्यांनीच. एकेक भेग आधी कोरायची, साफ करायची, कोरडी करायची, मग भरायची आणि शेवटी बोट फिरवून बघायचं. दाढ भरतात तसंच.

"भोक दिसलं की मला राहवत नाही," ते अभिमानानं सांगत.

"हो ना. फक्त स्वयंपाकघरातल्या पाइपाचं तेवढं दिसत नाही," डॉक्टरीणबाई म्हणत. "बाकी नावेचं नाव मी ठरवलंय हं. अक्कलदाढ."

"हे कसलं नाव?"

"उशिरा आली, जागा अडवून बसली आणि सगळ्या घराला ठणका लावलाय. दुसरं काय म्हणू?"

डॉक्टर हसले आणि त्यांनी खरंच निळ्या रंगात ते नाव रंगवलं.

तळ्यावर जायचा तो रविवार. नाव चाकांच्या गाड्यावर चढवून फाटकाकडच्या चढावर उभी होती, आरशासारखी लखलखत. गॅरेजवाला जीप घेऊन येणार होता. आत पॉलिशची धूळ बसली होती, म्हणून डॉक्टरांनी नळाची रबरी नळी आत सोडली. तेवढ्यात पोस्टमन गाल धरून आला. त्याची दाढ रविवार बघून दुखायची.

"अप्पा, नळ बंद करू का?"

"राहू दे चालू. तू त्याच्या दाढेचं बघ. नावेतलं पाणी आपोआप बाहेर जातं," अप्पा आरामखुर्चीतून म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटले.

डॉक्टरांनी पोस्टमनची दाढ कोरून तोंडात कापूस कोंबला, तोच बाहेर जीपचा भोंगा वाजला. गॅरेजवाल्यानं दोर बांधला, जीप ओढू लागली. जीपची चाकं जागच्या जागी गरगरली, माती उडाली, पण नाव तसूभर हलेना. उलट गाड्याची चाकं डॉक्टरीणबाईंच्या गुलाबांत रुतली.

"हिच्यात काय हत्ती बसवलाय का?" गॅरेजवाला वर चढला. "डॉक्टर! ही तर काठोकाठ भरलीय!"

अप्पा खडबडून उठले. काठी टेकत नावेच्या मागे गेले, वाकले, चाचपू लागले.

"भोक कुठं गेलं?"

"कुठलं भोक?"

"अरे, पाणी काढायचं! मागे, तळाशी! त्याचं पितळी बूच माझ्या किल्ल्यांच्या जुडग्यात आहे ना!"

डॉक्टरांचा चेहरा पडला. "ते... ते मुद्दाम होतं? मी भरलं. तीन थर दिले."

"मला विचारायचंस तरी!"

"तुम्ही सांगायचं तरी! अन् आपोआप जातं म्हणून नळ कुणी चालू ठेवायला लावला?" डॉक्टर चिडले.

डॉक्टरीणबाई मधे पडल्या. "आता भांडू नका. बादल्या आणते."

"बादल्यांनी उपसेपर्यंत सूर्य मावळेल," म्हणत अप्पांनी आपलं जुनं गिरमीट काढलं. लाँचवर जन्मभर वापरलेलं. त्यांनी टोक भिडवलं, दात-ओठ खाऊन पिळलं. कट्टकन आवाज झाला. भोक पडलं नव्हतं, गिरमीट मोडलं होतं.

अप्पा त्या तुकड्याकडे बघतच राहिले.

"मी करतो," डॉक्टर हळूच म्हणाले. पाण्याजवळ विजेचं यंत्र नको, म्हणून त्यांनी शिकतानाचं, पायानं चालवायचं कोरायचं यंत्र माळ्यावरून काढलं. स्वतः नावेखाली उताणे झाले. पेडल कोण मारणार? पोस्टमन पुढे झाला. त्याचा जन्म सायकलवर गेला होता.

घर्रर्र सुरू झालं. गल्ली श्वास रोखून उभी. कामात गुंग झाले की डॉक्टरांना सवयच होती, पेशंटबरोबर स्वतःही आ करायची. थर एकामागून एक सुटले आणि एकदम पाण्याची जाड धार सुटली ती थेट त्यांच्या उघड्या तोंडात.

"थूल भला, दॉत्तल!" कापूस भरल्या तोंडानं पोस्टमन ओरडला. रोज पेशंटला 'चूळ भरा' म्हणणाऱ्या डॉक्टरांनी निमूट चूळ भरली आणि थुंकली. अंगण हसून लोळायचं बाकी राहिलं.

दुपारी अक्कलदाढ तळ्यात उतरली. अप्पांनी स्वतः बूच बसवलं, खाटेखालचं इंजिन पहिल्याच झटक्यात धडधडलं. नावेत थेंबभर पाणी शिरलं नाही. अप्पांनी काठाकडे पाहिलं. पोस्टमन कोरलेली दाढ चाचपत तोंडात बोट घालून उभा होता.

"घाल, बाबा, घाल!" अप्पा त्याच्याकडे बघून ओरडले. मग मुलाच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "मिळालं बघ तुला तुझं बोट."

त्याला आता किती वर्षं लोटली. पोस्टमननं ती दाढ शेवटपर्यंत टिकवली. दुसऱ्या कुठल्या डॉक्टरला त्यानं ती बघूही दिली नाही. गॅरेजवाल्यानं पुढं स्वतःचीच नाव घेतली आणि पहिल्या दिवशी बूच लावायला विसरला. डॉक्टरीणबाईंचे गुलाब त्या पाण्यावर असे फोफावले की पुढल्या वर्षी त्यांनी स्वतःहून नळी मागितली. स्वयंपाकघरातला पाइप अजून गळतो. अक्कलदाढ तळ्यावर आहे. बूच आता डॉक्टरांच्या जुडग्यात असतं.

आणि अप्पा. त्यांनी ते मोडकं गिरमीट दवाखान्याच्या भिंतीवर, डॉक्टरांच्या पदवीशेजारी स्वतः टांगलं. जाईपर्यंत रोज बाकावर बसून आल्यागेल्याला सांगत, "हे माझ्या मुलाच्या कामावर मोडलंय." नवे पेशंट त्या लोखंडाकडे बघत, गाल धरत आणि गुपचूप उठून जात.

डॉक्टरांनी ते कधीच उतरवलं नाही.