मढच्या मास्तरची चौकशी

रविवार, १२ फेब्रुवारी १९८४. सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी श्यामकांत गुप्ते पत्नी सुनंदासह वर्सोव्याच्या होडीतून मढला उतरले. कोणी विचारलं तर "बेट बघायला आलो" असं सांगायचं ठरलं होतं. खरं कारण घाटकोपरला घरी बसलं होतं. बहीण अनुपमा, वय अठ्ठावीस. तिला स्थळ आलं होतं : नंदकिशोर कर्णिक, मढच्या शाळेत मास्तर. फोटो पाहून अनुपमा प्रथमच "बघा" म्हणाली होती.

मुलाची चौकशी करताना आपण कोण ते सांगायचं नाही, ही गुप्त्यांच्या घरची रीत. श्यामकांत इस्त्रीचा शर्ट घालून, खिशात डायरी ठेवून आले होते. त्याच आठवड्यात कस्टमवाल्यांनी या किनाऱ्यावर चोरट्या परदेशी घड्याळांची होडी पकडली होती, पण थोडा माल त्याआधीच गावात उतरला होता. हे त्यांना माहीत नव्हतं.

गाव शांत होतं. वाळत घातलेले बोंबील, एक चर्च, एक दुकान. दुकानात काशीराम.

"कर्णिक मास्तर इथेच राहतात ना? रात्री किती वाजता येतात? सोबत कोण असतं?" श्यामकांतनी डायरी उघडली.

काशीरामने डावा हात गल्ल्याखाली घेतला. "कोण मास्तर? आमच्यात मास्तरच नाय."

"मग शाळेत शिकवतं कोण?"

"पोरं आपली आपण शिकतात."

श्यामकांतनी ते लिहून घेतलं. लिहिताना पाहून काशीराम मागच्या दाराने गेला, आणि पाच मिनिटांत गावातल्या सगळ्या बाह्या मनगटापर्यंत खाली आल्या.

मासे निवडणाऱ्या मालनबाईंनी सांगितलं, "होता एक मास्तर. गेला गुजरातला." शेजारचा दशरथ त्याच वेळी म्हणाला, "इस्पितळात आहे तो."

"गुजरातच्या इस्पितळात," मालनबाईंनी जुळवून घेतलं.

"काहीतरी लपवतायत हे," श्यामकांत कुजबुजले. "बाईचं प्रकरण असणार."

"नाहीतर दारूचं," सुनंदा म्हणाली.

किनाऱ्यावर उलट्या होडीला टेकून एक तरुण बसला होता. लुंगी, बनियन, एक हात पाठीमागे. समोरच्या हाताच्या बोटांना लाल शाई.

"तुम्ही कोण?"

"मी? नंदू. होड्या रंगवतो."

"कर्णिक मास्तरांना ओळखता?"

"तोंडओळख आहे. माणूस बरा आहे, पण तो काही कशात पडत नाही. साहेब, त्याचा खरंच काही संबंध नाही."

"कशाशी?"

"कशाशीच."

सुनंदाने पर्समधला फोटो अर्धा बाहेर काढला. "अहो, चेहरा तोच वाटतो गं बाई!"

"फोटोत कोट आहे," श्यामकांत म्हणाले आणि परतीच्या होडीकडे वळले.

संध्याकाळी घरी डायरी वाचून झाली. अनुपमाने सगळं ऐकलं.

"दादा, तू कोण ते सांगितलंस?"

"चौकशीत सांगतात का असं?"

"आणि ते तुला कोण समजले, ते विचारलंस?"

"मी प्रश्न विचारायला गेलो होतो गं, उत्तरं द्यायला नाही!"

सोमवारी श्यामकांतनी पत्रिका जुळत नसल्याचं पत्र टाकलं. कर्णिकांकडून अद्याप उत्तर नाही.

पुढच्या रविवारी अनुपमा सकाळीच बाहेर पडली. मुलुंडला चेतना शहाकडे जाते म्हणाली. सातला परतली, ती पिशवीभर सुके बोंबील घेऊन. चेतनाच्या आईने दिले, असं तिने सांगितलं. शहांचं घर जैन आहे.