डाव्या भिंतीची रांग

दहा जुलै, सकाळचे अकरा वाजून पाच मिनिटे. वरच्या मजल्यावरील श्रवणवर्गात नववीचे एकतीस विद्यार्थी, एक तपासणी अधिकारी बाई आणि टेबलावर एक नवा बिनतारी स्पीकर. बंद दाराबाहेर, काचेला नाक लावून, इंग्रजीचे सर. इंग्रजी आधी कानांनी शिकावे लागते, असे त्यांचे ठाम मत होते आणि त्या मतापायी शाळेने ही खोली त्यांना एका वर्षाच्या बोलीवर दिली होती. ते वर्ष संपले होते. श्रवणवर्ग पुढे चालणार की खोलीत पुन्हा मोडकी बाके भरली जाणार, हे बाईंच्या आजच्या शेऱ्यावर ठरायचे होते.

सरांना काळजी मुळीच नव्हती. संग्रहालयात येणाऱ्यांसाठीच्या सूचना, असा उतारा त्यांनी स्वतः रचला होता आणि स्वतःच्याच संथ, स्वच्छ आवाजात, प्रत्येक वाक्य दोनदा म्हणून, मोबाइलवर ध्वनिमुद्रित केला होता. सकाळी स्पीकर जोडून तपासला, तेव्हा आवाज खणखणीत आला होता.

चाचणी चालू असताना शिक्षकाने आत थांबायचे नाही, हा बाईंचा नियम. सरांनी बाहेरून मोबाइलचे बटण दाबले. आत क्षणभर कोणी हलले नाही. मग मॉनिटर मुलीने पेन उचलले आणि पाठोपाठ सारा वर्ग लिहू लागला. बाईंनी उजव्या कानामागे हात धरला. थोड्या वेळाने खुर्ची पुढे ओढली. मग डावा कान पुढे केला.

"किती तल्लीन झाल्यात बघ," सर शेजारच्या शिपायाला म्हणाले. "असे उच्चार रोज कुठं कानावर पडतात?"

"त्या कान कोरतायत, सर."

"एकाग्र माणसाचे हात असेच चालतात."

सहा मिनिटांनी दार उघडले. बाईंनी सरांना जरा बाजूला घेतले.

"आवाज तसा... ठीक होता ना?"

"मुद्दाम मध्यम ठेवला, मॅडम. ओरडून सांगितलेलं कुणालाही कळतं."

"नाही, मला अगदी स्पष्ट ऐकू आलं," बाई घाईने म्हणाल्या आणि उत्तरपत्रिका तपासायला बसल्या. वर्गाची सरासरी दहापैकी आठ निघाली. सरांनी शर्टाची कॉलर नीट केली.

"बाळ," बाईंनी मॉनिटरला उभे केले, "पिशव्या काउंटरवर ठेवायच्या, हे तुला कसं कळलं?"

"दुसरे पर्याय छतावर, नदीत आणि खिशात असे होते, मॅडम."

"ते झालं. पण ऐकलंस ना?"

मुलीने एकदा सरांकडे पाहिले. "ऐकू काहीच आलं नाही. पण सरांनी शिकवलंय, प्रश्न आधी वाचायचे, उत्तराचा अंदाज बांधायचा, आणि एखादं वाक्य निसटलं तर अडून बसायचं नाही, पुढं जायचं. आज सगळीच निसटली. आम्ही पुढं गेलो."

"म्हणजे कुणालाच ऐकू आलं नाही?" बाईंच्या चेहऱ्यावर प्रथम सुटकेचा आनंद पसरला. कान शाबूत होते. मग चेहरा हळूहळू कडक झाला. "सर, वर्षभरात या खोलीत ऐकायला नेमकं कोण शिकलं?"

इतक्यात दारातून एक बुटके आजोबा आत आले. त्यांच्यामागे त्यांच्याहून किंचित उंच महिला, तिच्यामागे आणखी उंच गृहस्थ, असे करत अकरा जण आले आणि डाव्या भिंतीला मुकाट्याने रांगेत उभे राहिले. शेवटी होता सहा फुटी ट्रकचालक. त्याच्या काखेखालून धापा टाकत कारकून आत घुसला.

"सर, दाखले न्यायला आलेले पालक हे. माझ्या काउंटरवर अकरा पिशव्या आणून टाकल्यात, आणि विचारलं तर एक जण बोलेल तर शपथ. खाली बसायच्या खोलीतला स्पीकर तुमच्या आवाजात बोलत होता. सकाळी मोबाइलला तोच जोडलात आणि वर आणलात त्याचा जुळा भाऊ."

सरांनी टेबलावरच्या स्पीकरकडे पाहिले. बाई रांगेकडे वळल्या.

"तुम्हाला वर कुणी पाठवलं?"

कोणी बोलेना. सरांच्या ध्यानात आले. त्यांनी घसा साफ केला आणि इंग्रजीत, संथपणे, बोलण्याची परवानगी दिली. दोनदा.

"यांनीच पाठवलं," ट्रकचालक म्हणाला. "पिशव्या काउंटरवर, फोन बंद, वरच्या मजल्यावर डाव्या भिंतीला, बुटके पुढं, उंच मागं, आणि गाइड सांगेपर्यंत गप्प."

"इंग्रजी येतं तुम्हाला?"

"छे हो. शाळा सुटून वीस वर्षं झाली. पण सर इतकं सावकाश बोलत होते, की न कळायची सोयच नव्हती."

बाईंनी प्रश्नपत्रिका उचलली आणि पर्याय न सांगता दहाही प्रश्न रांगेला विचारले. दहाही उत्तरे आली. अवघडलेल्या तिघांनी तर हातवारे करून का होईना, पण बरोबर सांगितले.

"पद्धतीत दोष नाही, हे मी पहिल्यापासून सांगतोय," सर म्हणाले. त्यांची कॉलर पुन्हा जागेवर आली होती.

बाईंनी शेरा लिहिला: श्रवणवर्ग कायम करावा, प्रश्नपत्रिका दुसऱ्या कोणाकडून काढून घ्यावी, इच्छुक पालकांनाही बसू द्यावे.

पंधरा जुलैपासून श्रवणवर्गाची पटसंख्या : बेचाळीस.