संबंधितांनी नोंद घ्यावी

गेल्या मोसमात पुण्याच्या एका कुटुंबाने नानांच्या खोल्यांबद्दल नेटवर चार ओळी लिहिल्या. जेवण छान, माणसं चांगली, फक्त पहाटे कोंबड्याने झोपू दिलं नाही, म्हणून पाचपैकी तीन तारे. कोणीही शहाण्या माणसाने 'धन्यवाद, पुन्हा या' लिहून विषय संपवला असता. नानांनी दिलेलं उत्तर मी वहीत उतरवून ठेवलंय. ते शब्दशः देते, कारण नुसतं सांगितलं तर तुमचा विश्वास बसणार नाही.

'विषय : कोंबडा आरवत असलेबाबत. संदर्भ : आपला तीन ताऱ्यांचा अभिप्राय. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, सदर कोंबडा या निवासाच्या मालकीचा नसून शेजारील वाडीतील आहे. त्यास तोंडी समज देण्यात आली आहे. तथापि आरवणे हा त्याच्या नित्य कामकाजाचा भाग असल्याने त्यात हस्तक्षेप करता येत नाही. सबब, कपात केलेले दोन तारे पूर्ववत करून तसे कळवावे. प्रत : संबंधित यांना माहितीसाठी.'

शेजारील वाडी म्हणजे माझी. कोंबडा माझा. आणि तोंडी समज कोंबड्याला नव्हे, मला देण्यात आली होती, सकाळी सात वाजता, कुंपणावरून, मी दात घासत असताना.

तर हे नाना. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी तालुक्याच्या कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर काढली. आलेल्या कागदाची नोंद एका रजिस्टरात, गेलेल्या कागदाची दुसऱ्या. निवृत्त होऊन नागावच्या वाडीत परतले, पण टेबल डोक्यात घेऊनच. शर्टाच्या खिशात अजून दोन पेनं असतात, एक निळं आणि एक लाल. निळ्याने लिहायचं, लालने शेरा मारायचा. आणि काहीही विचारा, अगदी 'नाना, आज गॅसवाला येणार का', उत्तर ठरलेलं : "लेखी द्या."

एकदा नारळ उतरवणारा पाडेली माडावरून ओरडला, "नाना, कवले पन पाडू का?" कवले म्हणजे कोवळे नारळ, शहाळी. नाना खालून म्हणाले, "लेखी दे." तो बिचारा चाळीस फुटांवर दोन्ही पायांनी खोडाला विळखा घालून बसलेला. म्हणाला, "नाना, वर हाय मी, पेन न्हाय." नानांनी दोरीला बांधून पेन वर पाठवलं. मी स्वतः पाहिलंय.

आमच्या नागावात आता दर तिसऱ्या वाडीत पाहुण्यांच्या खोल्या आहेत. कोणाच्या पाटीवर 'सी पर्ल', कोणाच्या 'कोकोनट ब्रीझ'. कोणाकडे पोहण्याचा तलाव, कोणाकडे रात्रीची गाणी. नानांच्या फाटकावरच्या पाटीवर लिहिलंय : 'घरगुती निवास व्यवस्था (खोल्या दोन)'. पाहुण्यांना वाटतं, सरकारी विश्रामगृह आहे. ते पुढे निघून जातात.

ब्लॉगचं पाप मात्र माझं. खोल्या रिकाम्या राहायच्या आणि माई, म्हणजे नानांची बायको, दुखऱ्या गुडघ्याने रोज त्या झाडून स्वच्छ ठेवायच्या. मला ते बघवेना. मीच म्हटलं, "नाना, ब्लॉग लिहा. समुद्राचे चार फोटो, माईंच्या वालाच्या बिरड्याबद्दल दोन ओळी, लोक शोधत येतील." मीच बसून सगळं सुरू करून दिलं. पुढे काय वाढून ठेवलंय ते मला कुठे ठाऊक?

पहिला मजकूर आला : 'विषय : निवास सुरू असलेबाबत.' जावक क्रमांक एक. मी हायस्कूलात तीस वर्षं मराठी शिकवते. माझ्या अंगाची लाहीलाही झाली. कुंपणावरून सांगितलं, "नाना, 'असलेबाबत' हा काय शब्द आहे? 'असल्याबाबत' म्हणतात मराठीत."

"बाई, मराठीत नसेल. शासनात आहे."

पुढची दोन वर्षं हेच भांडण. मी 'करण्याबाबत' म्हणायची, ते 'करणेबाबत' लिहायचे. बरं, विषय तरी पाहुण्यांच्या कामाचे असावेत. समुद्र तीन मिनिटांवर, त्याच्याबद्दल एक अक्षर नाही. हा माणूस लिहितो : 'विषय : विहिरीजवळील तिसऱ्या माडास पुनश्च फळ धरलेबाबत.' खाली नारळाचा फोटो आणि मापासाठी शेजारी फूटपट्टी. दुसऱ्या दिवशी : 'विषय : मागील पडवीतील झोपाळ्याची कडी बदललेबाबत.' तिसऱ्या दिवशी : 'विषय : सौ. माई यांचा उजवा गुडघा.' आता मला सांगा, माईंचा गुडघा बघायला मुंबईहून कोण बोटीत बसणार आहे? थंडीत वालाच्या शेंगा मडक्यात घालून पोपटी लावली, तर त्याचंही पत्र. त्यात एक ओळ : 'एक हिस्सा नेहमीप्रमाणे बाजूला काढून ठेवणेत आला.' कोणासाठी, ते नाही. आणि प्रत्येकाच्या तळाशी ती शेपटी : 'प्रत : संबंधित यांना माहितीसाठी.'

"कोण हा संबंधित?" मी वैतागून विचारायची.

"ज्याचा संबंध आहे तो," नाना म्हणायचे आणि आत जायचे.

शेवटी मीच अलिबागच्या एका मुलीला गाठलं. लहान धंद्यांना नेटवर उभं करून देणं हाच तिचा उद्योग. चुणचुणीत पोर. भर उन्हात स्कूटरवरून आली, माईंचं कोकम सरबत प्यायली, पडवीत लॅपटॉप उघडून बसली. म्हणाली, "काका, तुमचा ऑनलाइन प्रेझेन्स फार वीक आहे."

"हजेरी कमी भरते, असं म्हणायचंय तुम्हाला?" नानांनी विचारलं.

"तसंच समजा. हे बघा, नव्वदच्या वर पोस्ट आहेत. वाचणारे किती? रोज एक. तोसुद्धा नॉर्वेचा."

मला हसू आलं. नॉर्वेत बसून माईंच्या गुडघ्याची चौकशी कोण करतंय? ती मुलगीही हसली. म्हणाली, "माणूस नसेलच तो. बॉट असेल. म्हणजे मशीन असतं काका, आपोआप फिरत राहतं नेटवर. आपण असं करू, हा जुना ब्लॉग उडवू. नवीन साइट, नवीन नाव, इंग्लिशमध्ये. दिवाळीपर्यंत तुमच्या खोल्या भरलेल्या असतील."

नाना उठले. चेहरा उतरला होता. "सदर प्रस्ताव अमान्य," एवढं म्हणून ते मागच्या पडवीत निघून गेले.

ती पोर लॅपटॉप मिटून निघून गेली. मी मात्र गप्प बसणाऱ्यातली नाही. तरातरा मागच्या पडवीत गेले आणि दोन वर्षांचं सगळं बाहेर काढलं. म्हटलं, "नाना, त्या मुलीला मी बोलावलं होतं, तिचा तरी मान ठेवायचा. माई गुडघा धरून रिकाम्या खोल्या झाडतात त्याचं तुम्हाला काही नाही. तुम्हाला तुमचे जावक क्रमांक हवेत. नव्वद पत्रं लिहिलीत, कोणासाठी? एका मशीनसाठी?"

नाना झोपाळ्यावर बसले होते. माई आतून एक जुनी फाइल घेऊन आल्या आणि माझ्या हातात दिली. "वाचा बाई," म्हणाल्या.

आत एकच कागद होता. अक्षर मी ओळखलं. मृदुलाचं, त्यांच्या एकुलत्या मुलीचं. आठवीत माझ्याच वर्गात होती. लग्न करून परदेशात गेली आणि आठ वर्षांत फिरकली नाही, एवढंच गावाला माहीत. कागदावर होतं : 'विषय : विवाहास परवानगी मिळण्याबाबत.' समास नीट सोडलेला, मायना बरोबर, शेवटी 'आपली आज्ञाधारक'. अर्जलेखन मीच शिकवलेलं.

"मुलगा आपल्यातला नव्हता," माई म्हणाल्या. "तिने ह्यांना विचारलं. हे म्हणाले, लेखी दे. तिला वाटलं, गमतीवर आलेत, म्हणजे हो म्हणणार. रात्री बसून केवढ्या हौसेने लिहिलंन."

अर्जावर आडवा, लाल शाईत शेरा होता : 'अर्जाचा विचार करता येत नाही. दप्तरी दाखल.' खाली नानांची सही.

मला संताप आला. आयुष्यात अनेक मूर्ख पाहिले, पण पोटच्या पोरीच्या लग्नावर शेरा मारणारा हा पहिलाच. मी म्हटलंही तसं, तोंडावर.

"खरंय बाई," नाना म्हणाले. "कागद समोर आला आणि हात चालला. डोकं नंतर चाललं. तोपर्यंत ती एसटीत बसली होती."

"मग फोन करायचा. माई बोलतात ना तिच्याशी?"

"दर रविवारी," माई म्हणाल्या. "ह्यांचं नाव काढलं की ती विषय बदलते. आणि हे फोन हातात घेत नाहीत."

"तोंडी काय बोलू?" नाना म्हणाले. "मी लेखी दिलंय."

"मग पत्र लिहा."

"तिचा पत्ता तिने मला कळवलेला नाही. हिच्या वहीत आहे, पण तो हिला कळवलेला." "तिसरा माड तिने लावलेला. झोपाळा तिचा. म्हटलं, सगळ्यांसाठी म्हणून लिहावं, तिला वाटलं तर वाचेल. नॉर्वेलाच असते ती. रोज सकाळी उघडून बघतो, नॉर्वे, एक. मग चहा घेतो." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "ती मुलगी म्हणाली मशीन असेल. बाई, मशीन असेल का हो?"

राग होता तिथेच होता, फक्त तो आता कुठे ठेवावा ते समजत नव्हतं. शेवटी म्हटलं, "ते मला माहीत नाही. पण लेखी दिलेलं लेखीच मागे घ्यायचं असतं, एवढं तुमच्या कचेरीत शिकवलं असेल. बसा आणि लिहा."

त्यांनी लिहिलं. दुपारभर बसले होते.

'विषय : पूर्वी दिलेला शेरा रद्द करणेबाबत. महोदया, आपल्या अर्जावर या कार्यालयाने मारलेला शेरा बिनशर्त रद्द करणेत येत आहे. तो मारताना संबंधित लिपिकाने डोके वापरले नव्हते. अर्ज मान्य. झालेल्या विलंबाबद्दल सदर लिपिक अत्यंत दिलगीर असून त्यास रोज आपली आठवण येते. प्रत : संबंधित यांना.'

'करणेबाबत' मला दिसलं. त्या दिवशी मी काही बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी नॉर्वे, शून्य. तिसऱ्या दिवशी शून्य. नाना चहा न घेताच विहिरीकडे जायला लागले. रविवारी माईंच्या फोनलाही उत्तर आलं नाही. मीच त्यांना लिहायला लावलं होतं, त्यामुळे कुंपणाकडे बघायची मला चोरी झाली. माझा कोंबडासुद्धा मी दोन दिवस टोपलीखाली झाकून ठेवला.

मंगळवारी सकाळी नानांनी कुंपणावरून हाक मारली. हातात फोन होता, पण चष्मा सापडत नव्हता. तो डोक्यावरच होता. "बाई, खाली काहीतरी आलंय. वाचा."

पत्राखाली उत्तर आलं होतं. मी वाचून दाखवलं.

'महोदय, आपले पत्र मिळाले. चार दिवस उत्तर सुचले नाही, क्षमस्व. एक : 'रद्द करणेबाबत' नव्हे, 'रद्द करण्याबाबत'. बाईंनी शिकवले आहे. दोन : तिसऱ्या माडाच्या फोटोत फूटपट्टी उलटी धरली आहे, मागच्या वर्षीपासून सांगायचे होते. तीन : यंदाच्या पोपटीत तीन हिस्से बाजूला काढावेत. आम्ही तिघे आहोत, लहान व्यक्ती पाच वर्षांची असून तिला शेंगा सोलता येतात. येण्याची तारीख स्वतंत्रपणे कळवू. आपली, संबंधित.'

नानांनी ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. 'लहान व्यक्ती' तीनदा. मग घरात गेले, आवक रजिस्टर काढलं, आणि त्या दिवशी दोन्ही खोल्यांना कुलूप लावलं. नेटवर सूचना टाकली, थंडीत खोल्या मिळणार नाहीत. अलिबागच्या मुलीने मला फोन करून विचारलं, काकांना वेड लागलंय का. मी हो म्हटलं.

आता शेवटचं, आणि हे माझ्या मनाला लागलंय. तुम्ही आज नानांचा ब्लॉग उघडलात तर तिथे एकही 'असलेबाबत' दिसणार नाही. माड, झोपाळा, गुडघा, माझा कोंबडा, सगळीकडे 'असल्याबाबत'. एका दिवसात बसून या माणसाने पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळी पत्रं दुरुस्त केली. दोन वर्षं मी कुंपणावरून घसा फोडत होते तेव्हा हे शासनात होतं. पोरीने एकदा सांगितलं आणि मराठीत आलं.

मी विचारलं, "नाना, माझं का नाही ऐकलंत?"

"बाई," ते म्हणाले, "तुम्ही लेखी कुठे दिलं होतं?"